तारखेपर्यंतचे बारा दिवस

प्रश्न : बायोप्सीत स्तनाचा कर्करोग निघाला. परळच्या टाटा रुग्णालयातली तारीख बारा दिवसांनी आहे. झोप उडालीय. तोवर पसरेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, बहुतेक स्तनकर्करोग दहा-बारा दिवसांत हाताबाहेर जात नाहीत. गाठ झपाट्याने वाढली किंवा त्वचा लाल झाली, तर मात्र तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या झाल्यात का, तेही विचारा. आधी शस्त्रक्रिया की केमो, हे ठरवताना त्या लागतात. नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही मागून घ्या, नाहीतर रत्नागिरीला पुन्हा हेलपाटा! महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार पिशवीत असू द्या. शेजारणींच्या ऐकीव कहाण्या सध्या दाराबाहेरच बऱ्या. झोपेचंही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो.