मोबाईलची बॅटरी घरी बदलताना



उसाची नोंद, तोडणीचा निरोप, बिलाचा मेसेज, सारे हल्ली मोबाईलवर येते, आणि ऐन हंगामातच मोबाईल बसतो. गेल्या गळितात एक सभासद गट कार्यालयात फोन घेऊन आले. मागचे झाकण उचललेले, आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. नवी बॅटरी मागवून आणली होती. "मीच बदलतो साहेब," म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हरने जुनी उचकटू लागले. आम्ही हात धरला म्हणून बरे!

लिथियम बॅटरीत धन व ऋण पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो फाटला की पट्ट्या एकमेकींना भिडतात, बॅटरी तापते, आणि आतले द्रावण ज्वालाग्राही असल्याने पेट घेते. फुगली म्हणजे आत वायू धरला आहे. अशी बॅटरी घरी काढूच नये. फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, जाणत्या कारागिराकडे न्यावा. टोचून हवा काढणे हा तर शुद्ध वेडेपणा.

बॅटरी फुगलेली नाही, नुसती थकली आहे, तर मात्र सवडीने घरी बदलता येते. पण आधी चार्जिंगचे भोक पाहा. शेतात फिरणाऱ्या फोनमध्ये तिथे धूळ आणि खिशातला कापूस गच्च बसतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलकेच काढा. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते आणि बॅटरीचे पैसे वाचतात.

सुटा भाग घेताना बेण्याची जात पाहतो तसा मॉडेल नंबर पूर्ण जुळवावा. 'जवळपास सारखी' बॅटरी चालत नाही. पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते, तेव्हा तयार झाल्याची तारीख पाहावी.

चार्जिंग पंचवीस टक्क्यांखाली आणून फोन बंद करावा. हेअर ड्रायरने कड कोमट करून प्लॅस्टिकच्या पत्त्याने झाकण सोडवावे, घाई नको. स्क्रू कागदावर फोनचे चित्र काढून त्या त्या जागी ठेवावेत. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की खालची सर्किटची पाटी गेलीच; बॅटरीपेक्षा हे नुकसान मोठे. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी प्लॅस्टिकने सोडवावी, मग इतर कामे. बॅटरी चिकटवलेली असते. ओढायची पट्टी असेल तर सावकाश ओढावी. वाकत असेल तर थांबावे आणि कारागीर गाठावा, त्यात कमीपणा नाही. नवी जोडून फोन चालू होतो का ते झाकण चिकटवण्याआधी पाहावे. एकदा उघडलेल्या फोनचा पाण्यापासूनचा बचाव पहिल्यासारखा राहत नाही, म्हणून दारे धरताना तो खिशात नको.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आहे. दुरुस्ती आणि सुट्या भागांबाबत कंपन्यांनी दिलेली माहिती तेथे पाहता येते.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा पाचटात टाकू नये. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, कोरड्या वाळूच्या डब्यात, गोठ्यापासून लांब ठेवावी, आणि तालुक्याला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.