टगबोट

समुद्रस्नानानंतर अंग पुसण्यासाठी लांबरुंद, रंगीत टॉवेल मिळतात. त्यांवर माडाची झाडे, शिडाच्या होड्या, मावळता सूर्य अशी चित्रे असतात. क्वचित एखाद्या टॉवेलावर टगबोटीचे छायाचित्रही छापलेले आढळते. बसका, रुंद बांधा आणि भोवती टायरांची माळ! तिला ना शिडाचा डौल, ना मोठ्या जहाजाचा थाट. असे चित्र कोणास का आवडावे, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. टगबोटीचे कार्य जाणून घेतले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

मोठ्या जहाजांना ओढणारी किंवा ढकलणारी बोट म्हणजे टगबोट. महासागर ओलांडून आलेल्या प्रचंड जहाजालाही धक्क्याला लागताना बहुधा तिचे साहाय्य घ्यावे लागते. जहाज सुकाणूने वळते. परंतु सुकाणूजवळून पाणी वेगाने वाहत असेल, तरच ते नीट काम देते. बंदरात जहाजाचा वेग मंदावला, की सुकाणूचा प्रभावही ओसरतो. शिवाय रस्त्यावरील मोटारीप्रमाणे जहाजाला ब्रेक नसतात. अशा वेळी टगबोटी पुढे सरसावतात. एखादी दोर बांधून जहाजास ओढते, तर दुसरी नाकाने त्याच्या कुशीस रेटा देते. टगबोटीच्या पोटात माल नसतो. तेथे असतात बलवान इंजिने. तिच्या भोवतीचे टायर धक्के सोसतात, जहाजाच्या अंगाला ओरखडाही उठू देत नाहीत.

टगबोटींच्या सामर्थ्याची मोठी कसोटी २०२१ साली लागली. इजिप्तमधील सुएझ कालवा भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांना जोडतो. आशिया आणि युरोप यांच्यामधील व्यापाराचा तो राजमार्गच होय. २३ मार्च रोजी, सोसाट्याचा वारा असताना, ‘एव्हर गिव्हन’ नावाचे सुमारे ४०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज या कालव्यात आडवे झाले. त्याचे नाक पूर्वेकडील काठात रुतून बसले. त्यावरील २५ खलाशी व अधिकारी सारे भारतीय होते. कालवा बंद पडला आणि शेकडो जहाजे खोळंबली. काही जहाजांवर गुरेमेंढ्या होत्या. त्यांचा चारा संपेल अशी धास्ती वाटू लागली. काही जहाजांनी तर आफ्रिका खंडाला वळसा घालण्याचा दूरचा मार्ग धरला.

दहाहून अधिक टगबोटी कामास लागल्या. पण जहाज हलेना. तेव्हा गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकेने जहाजाच्या नाकाखालची सुमारे ३०,००० घनमीटर वाळू काढली. हॉलंडची ‘एएलपी गार्ड’ व इटलीची ‘कार्लो मान्यो’ या दोन बलाढ्य टगबोटीही येऊन मिळाल्या. २८ मार्चला होळी पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, तसे ते आले व कालव्यातील पाणी चढले. ही संधी साधून टगबोटींनी पुन्हा जोर लावला. २९ मार्चच्या पहाटे जहाजाची मागील बाजू काठापासून सुटली आणि त्याच दिवशी दुपारी ते पुरते मोकळे झाले. टगबोटींनी भोंगे वाजवून आनंद व्यक्त केला. मात्र या कामात एक बोट उलटून एका कामगारास प्राणास मुकावे लागले.

जे केवळ बळाने साधले नाही, ते बळ, युक्ती आणि भरतीची वेळ यांच्या मिलाफाने साधले. बंदरात जहाज शिरताना लोकांची दृष्टी त्याच्या उंच डोलकाठीकडे जाते. त्याला सांभाळून आणणारी बसकी बोट सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून एखाद्याने टॉवेलावर तिचेच चित्र छापावे, यात नवल ते काय?

प्रश्न
१. बंदरात मोठ्या जहाजाला टगबोटीची गरज का भासते?
२. ‘एव्हर गिव्हन’ मोकळे होण्यास कोणकोणत्या गोष्टी उपयोगी पडल्या?
३. ज्यांच्या कष्टांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, अशा एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.