पॉलिसी त्याची, खेटे तुझे

सूनबाई, विमा नवऱ्याच्या नावाचा असतो, पण कचेरीचे खेटे बायकोच्या नशिबी येतात. म्हणून हे तुला सांगते, त्याला नाही.

एजंट गावातलाच असतो. चहा पितापिता भराभर खुणा करत सुटतो. शुगर? नाही. ऑपरेशन? नाही. तंबाखू? तिथंही नाही, आणि नवऱ्याच्या खिशात पुडी! तू मध्ये बोल, जे आहे तेच लिहायला लाव. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेव. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं झाली की कंपनीला ‘माहिती लपवली’ म्हणून आयुर्विमा नाकारता येत नाही. त्याआधी माणूस गेला, तर तीच खूण आपल्यासमोर धरतात. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, की तीन वर्षं नव्यानं मोजायची.

कागद हातात पडल्यावर पटला नाही तर 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडे पैसे कापून घेतात. वारसाच्या रकान्यातही बघ. लग्नाआधीची पॉलिसी आहे, तिथं अजून माझंच नाव असेल. बदलून घ्या, मला वाईट वाटणार नाही.

बँकेतून वर्षाला 20 रुपये अपघात विम्याचे आणि 436 जीवन विम्याचे जातात. दोन्हीचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. मे महिन्यात खातं रिकामं ठेवू नकोस, जूनमध्ये पासबुक भरून बघ.

आपल्याकडं कडबाकुट्टीत हात जातो, रात्री पाणी द्यायला गेलेल्याला साप चावतो. माणूस गेला की चारजण म्हणतात, ‘देहाची चिरफाड नको.’ त्यांचं ऐकू नकोस. पंचनामा आणि शवविच्छेदनाशिवाय अपघात सिद्ध करणं फार अवघड. सातबारा असलेल्या घराला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख मिळतात, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. 2023 पासून मध्ये विमा कंपनी नाही, सरकारच पैसे देतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, तोही 30 दिवसांत. तेरावं होऊ दे म्हणत बसलीस तर निम्मी मुदत तिथंच संपते.

पॉलिसीच्या दाव्याला कंपनीचा माणूस ‘बसत नाही’ म्हणाला, तर नकार लेखी माग. मग कंपनीकडंच लेखी तक्रार कर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडं जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. नाहीतर धाराशिवचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, त्याची मुदत दोन वर्षं. 2020 च्या सोयाबीन विम्याचं आठवतंय ना? पिकाचं नुकसान 72 तासांत कळवलं नाही म्हणून कंपनीनं हात वर केले होते. जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले आणि 2022 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

आणि कुठंही अर्ज दिलास, तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.