काला आंबला जाण्याआधी

रत्नागिरी,
३ जानेवारी

चि. निनाद,


कर्नालच्या डेअरी संस्थेतला कोर्स आटोपला की १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंबला शौर्यदिनासाठी जाणार आहेस, असं ताई म्हणाली. जरूर जा. पण त्याआधी माझी एक चूक ऐकून ठेव.

मी गेले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की स्मारकाचा खांब जवळ गेल्यावरच दिसला. १७६१ साली याच तारखेला भाऊसाहेबांची फौज जिथे कापली गेली, तिथे हरियाणातला रोड समाज जमला होता. रणातून वाचलेले, रानात लपलेले आणि पुढे तिथेच शेती करून राहिलेले मराठे हे आपले पूर्वज, असं ते मानतात. स्वतःला ‘रोड मराठा’ म्हणवतात. पितळी मुठीची काठी घेतलेल्या एका आजोबांनी मला लेक म्हणून शेजारी बसवलं. आणि मी विचारलं, ‘‘याला पुरावा काय?’’ ते बोलले नाहीत. चहाचा पेला तेवढा माझ्यापुढे सरकवला. तो प्रश्न मला अजून सलतो.

इतिहासकारांत याबद्दल एकमत नाही, हे खरं. तू अभ्यास कर, पण तो ग्रंथालयात. पाहुण्याने यजमानाची कुंडली मागू नये.

आपल्याच गावाकडे बघ. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची नात टूटू इथे मराठी बोलत वाढली, इथेच तिने संसार केला. म्हणून ती राजाची नात नाही, असं आपण कधी म्हटलं नाही. मग हरियाणवी बोलणाऱ्यांच्या मराठेपणाची परीक्षा आपण का घ्यावी?

आणखी एक. आपण सहज ‘पार पानिपत झालं’ म्हणतो. तिथे ते तोंडातून जाऊ देऊ नकोस. त्यांचं ते गाव आहे. तिथे गहू पिकतो, लग्नं लागतात.

थंडी कडाक्याची असते, कानटोपी ने. तिळगूळ पाठवते आहे. आधी म्हाताऱ्यांच्या हातावर ठेव, फोटो मागाहून काढ. पितळी मुठीची काठी दिसली, तर त्या आजोबांच्या पाया पड आणि सांग, रत्नागिरीच्या लेकीने पाठवलाय.

तुझी,
मावशी