सलाईनची नळी औषध पिते

आजारी माणसाला सलाईन लावलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. सलाईन म्हणजे मीठपाणी. एक लिटर शुद्ध पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, एवढाच त्याचा ऐवज. पुष्कळदा त्यात औषध घालतात. ते नळीतून थेंब थेंब शिरेत जाते. जेवढे औषध घातले तेवढे रोग्याच्या अंगात गेले, असे आम्हीही समजत होतो.

2019 साली आमच्या धाकट्या भावाची रक्तातली साखर फार वाढली. त्याला तालुक्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सलाईनमधून इन्शुलिन द्यायला सांगितले. सिस्टरबाईंनी पिशवीला नळी जोडली आणि चांगले चार चमचे पाणी खालच्या भांड्यात सोडून दिले! आमचा जीव कळवळला. "अहो बाई, पैसे मोजून आणलेले औषध आहे ते," आम्ही जरा चढ्या आवाजात बोललो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, नवा माठ पहिल्यांदा पाणी पितो की नाही? तशी ही नळी इन्शुलिन पिते. आधी तिला पाजते, मग तुमच्या भावाला देते."

जन्मभर मुलांना शिकवले, पण हे काही आम्हांला ठाऊक नव्हते.

इन्शुलिन नळीच्या आतल्या अंगाला चिकटते. नळी आधी अशी भिजवली नाही, तर सुरुवातीला रोग्याला औषध कमी मिळते. साखर उतरत नाही, म्हणून मात्रा वाढवली जाते. पुढे नळीचे पोट भरले, की सगळे औषध अंगात जाऊ लागते. मग साखर एकदम खाली येते. दरदरून घाम सुटतो, माणूस बेशुद्धही पडतो.

हृदयाच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन नावाचे औषध शिरेतून देतात. ते नळीला नुसते चिकटत नाही, तिच्यात मुरते. प्लास्टिकच्या डब्यात लोणचे ठेवले, की डबा कितीही घासा, वास जात नाही. तसेच हे. साध्या पीव्हीसीच्या नळीत निम्म्याहून अधिक औषध मुरू शकते. पॉलिइथिलीनच्या नळीत ते फारसे मुरत नाही.

पीव्हीसी म्हणजे आपल्या शेतातल्या पाईपाचेच प्लास्टिक. मग पाईप कडक आणि नळी मऊ, हे कसे? नळी मऊ व्हावी म्हणून तीत तेलासारखे द्रव्य मिसळतात. कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध आहे. ते ज्या द्रवात विरघळवून देतात, तो द्रव हे तेलच नळीतून ओढून काढतो आणि रोग्याच्या रक्तात नेतो. म्हणजे इथे उलटा कारभार! म्हणून त्यालाही पीव्हीसीची नळी चालत नाही.

नळीवर एक लहान चाक असते. बाटली लवकर संपावी म्हणून काही मंडळी ते गुपचूप फिरवतात. तसे करू नका. त्याने जिवाला धोका होतो.

आणि एक. नळी पुष्कळदा आपल्यालाच दुकानातून आणावी लागते. चिठ्ठीवर वेगळी नळी लिहिलेली असते. दुकानदार म्हणतो, "ही घ्या, स्वस्त आहे, दिसायला एकच." दिसायला एकच असते, हे खरे. चिठ्ठीवरची अक्षरे आणि पाकिटावरची अक्षरे शेजारी शेजारी धरून ताडून पाहा. मनात शंका आली, तर पाकीट न फोडता सिस्टरबाईंना दाखवा. फोडलेले पाकीट दुकानदार परत घेत नाही.