वीस अक्षरांची ओळखपरेड

२०२० साली कल्याण-डोंबिवलीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येई, "रिपोर्ट काय आला?" नाकातून घेतलेल्या स्रावात विषाणू आहे की नाही, हे कळते तरी कसे?

करोना विषाणूचा आनुवंशिक संदेश आरएनए या न्यूक्लिइक आम्लात असतो. तो सुमारे ३०,००० अक्षरांचा, पण अक्षरे चारच! तपासणीत प्रथम एका एन्झाइमच्या साहाय्याने आरएनएवरून डीएनए तयार करतात. डीएनएच्या दोन धाग्यांत 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी' येते. या नियमाने विषाणूच्या ठरावीक भागाशी जुळणारे, सुमारे २० अक्षरांचे दोन तुकडे बनवतात. हेच प्रायमर. चार अक्षरांपासून २० अक्षरी शब्द सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. तेव्हा भलत्याच ठिकाणी प्रायमर जुळण्याची शक्यता फार थोडी.

पुढचे काम उष्णतेचे. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे धागे सुटे होतात. तापमान ६०च्या आसपास आणले, की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात आणि दुसरे एन्झाइम तेथून नवा धागा जुळवू लागते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट! एका रेणूपासून ३० फेऱ्यांत १,०७,३७,४१,८२४ प्रती होतात. प्रतींबरोबर वाढणारी चकाकी यंत्र मोजते. भारतातील पहिल्या करोना रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत जानेवारी २०२० मध्ये याच पद्धतीने झाले.

पण शून्याची दुप्पट शून्यच! नमुना फार लवकर घेतला किंवा नीट घेतला नाही, तर त्यात विषाणू येतच नाही. म्हणून 'निगेटिव्ह' याचा अर्थ 'नमुन्यात सापडला नाही' एवढाच. 'शरीरात नाही' असा नव्हे. लक्षणे असताना अशा रिपोर्टवर विसंबून आजीच्या शेजारी जाऊन बसणे धोक्याचे, ते यामुळेच.

जुळणाऱ्या तुकड्याने विषाणूला रोखताही येईल का? होय. १९९८ मध्ये अमेरिकेत फोमिव्हिर्सेन या २१ अक्षरी औषधाला मान्यता मिळाली. ते विषाणूच्या संदेशाला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती अडवी. एड्सच्या रुग्णांच्या डोळ्यांतील विषाणूसंसर्गासाठी ते थेट डोळ्यात टोचत. परीक्षानळीत तुकडा टाकणे सोपे. शरीरातील नेमक्या पेशींत पोचवणे मात्र कठीण.

आता एक गणित. २० अक्षरी शब्दांची एकूण संख्या आणि ४० फेऱ्यांनंतर एका रेणूच्या होणाऱ्या प्रती, ही दोन्ही उत्तरे सारखीच येतात. का बरे? वहीत सोडवून पाहा.