आर्चबिशपांचं टपाल

आर्चबिशपांच्या कचेरीत मी बरीच वर्षं टपाल पाहिलं. फोडायचं, नोंदवायचं, उत्तराचा मसुदा करायचा.

१. मजकुराआधी लेटरहेड पाहावं. धर्मप्रांताच्या स्वतःच्या धर्मगुरूला 'करावे' लिहिलेलं चालतं. जेज्वीट किंवा सलेशियन प्रांतप्रमुखांना तसं लिहिलं की पुढची उत्तरं फार नम्र आणि फार थंड येतात. बिशपांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही व्रतस्थ संघाला धर्मप्रांतात मठ उघडता येत नाही, पण एकदा आत आल्यावर घरचा कारभार त्यांचा. धर्मग्रामात नेमलेल्या व्रतस्थ धर्मगुरूला आर्चबिशपही हलवू शकतात आणि त्याचे वरिष्ठही. दोघांनी एकमेकांना फक्त कळवायचं, संमतीची गरज नाही. १९८३च्या चर्च-कायद्यातच तसं आहे. साहजिकच बदल्यांच्या मोसमात आमचं टपाल फुगायचं. (हे दुखणं जुनंच. मुंबईत गोव्याचे आर्चबिशप आणि रोमने पाठवलेले कार्मेलाईट यांच्यात चर्चच्या ताब्यावरून जुंपली, आणि त्यातली दुहेरी सत्ता रोम-पोर्तुगालच्या १९२८च्या करारानंतरच मिटली.)

२. वाईट बातमीचं पत्र आखूड असतं. एका धर्मभगिनींच्या संघाचं आलं, जेमतेम पाच ओळी: जूनपासून खेड्यातलं घर बंद करत आहोत, आपले आशीर्वाद असावेत. घर बंद करताना त्यांच्या मुख्य वरिष्ठांनी बिशपांशी सल्लामसलत करायची असते, त्यांची परवानगी लागत नाही. आर्चबिशप साहेबांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'दवाखान्याचं काय?' तसंच विचारलं असतं तर भांडण झालं असतं. मसुद्यात आधी सिस्टरांनी तिथे केलेल्या बाळंतपणांचे आभार मानले, मग पावसाळ्यात त्या गावाचा रस्ता कसा बंद होतो ते लिहिलं, आणि प्रश्न शेवटच्या ओळीत टाकला. एक नर्स सिस्टर वर्षभर राहिली.

३. प्रापंचिकांचं पत्र ता. क. पासून वाचावं. एका बाईंचं फुलस्केप चार पानी पत्र होतं. कॉयर बेसूर, माईक खरखरतो, प्रवचन लांबतं. आणि ता. क.: 'मिस्टर गेले तेव्हा फादर घरी आले नाहीत.' चार पानांना उत्तर नव्हतंच द्यायचं. त्या एका ओळीला साहेबांनी स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं.

४. कॉन्व्हेंटमधल्या ॲडमिशनसाठी 'साहेबांचा एक शब्द' मागणारी पत्रं ढिगाने येतात. शाळा सिस्टरांच्या संघाची, ॲडमिशन त्यांच्या हातात. हे लोकांना पटत नाही. आर्चबिशप म्हणजे सगळ्या मठांचे मालक, असंच त्यांना वाटतं.

५. सह्यांच्या निवेदनात सह्या मोजू नयेत, वाचाव्यात. सकाळी सातची मिस्सा मराठीत हवी आणि सातचीच इंग्रजीत हवी, अशी दोन निवेदनं एकाच धर्मग्रामातून आली. निम्मी नावं दोन्हींत होती! शेजाऱ्याला नाही म्हणवत नाही, दुसरं काय. तरी निवेदन बाजूला टाकायचं नाही. आपल्या गरजा धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्क चर्चचा कायदाच प्रापंचिकांना देतो.

६. पोच त्याच दिवशी पाठवावी. कायद्याने निर्णय द्यायचाच असेल तिथे तीन महिने गप्प बसलं की तो नकार धरला जातो आणि अर्जदाराला वर दाद मागता येते. 'रोमला लिहीन' अशी धमकी अनेकजण देतात. लेखी आदेशाविरुद्ध तिकडे जाण्याआधी फेरविचाराचा अर्ज दहा दिवसांत आर्चबिशपांकडेच करावा लागतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मी ते उत्तरातच लिहीत असे. कचेरीत काहींना हे रुचायचं नाही, भांडणाऱ्याच्या हाती काठी कशाला द्यायची, म्हणून. मला वाटतं, माणसाला त्याची वाट ठाऊक असली की भाषा आपोआप सौम्य होते.

७. दुसऱ्या धर्मप्रांताची तक्रार परत पाठवावी. वसई १९९८मध्ये मुंबईपासून वेगळी झाली, पण जुन्या माणसांची पत्रं मुंबईची वाट सोडत नाहीत. शेजारच्या बिशपांचा निर्णय आर्चबिशपांना फिरवता येत नाही.

८. निनावी पत्र फायलीत लावायचं नाही आणि फाडायचंही नाही. ते बंद पाकिटात साहेबांकडे द्यायचं. गुप्त कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली कायद्याने फक्त त्यांच्याकडे असते, आणि त्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं.